गिधाडे, कुत्री आणि पाच लाख माणसे : एका शोधनिबंधाचे वाचन



गेल्या काही काळात एक वाक्य वर्तमानपत्रांतून, व्हॉट्सॲपवरून भरपूर फिरले. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. 'भारतातली गिधाडे संपली म्हणून पाच लाख माणसे मेली.' वाक्य असे आहे की ऐकणारा एक तर लगेच हळहळतो, नाही तर लगेच हसतो. आम्हाला या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या वाटतात. हे वाक्य ज्या निबंधातून निघाले तो एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा. २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात तो आला. आज आपण तो वाचणार आहोत, एखादी कादंबरी किंवा नाटक वाचावे तसाच. म्हणजे तो काय सांगतो, कशाच्या बळावर सांगतो आणि कुठे त्याचा आवाज उगाच मोठा होतो, हे बघत.

आधी गोष्ट थोडक्यात. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. गुडघे दुखतात म्हणून आमच्या वयाच्या निम्म्या लोकांनी ते कधी ना कधी घेतलेले असते. १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांनाही दिले जाऊ लागले. लंगडणारा बैल, ताप आलेली म्हैस, सुजलेले आचळ, की टोच इंजेक्शन. जनावर पुढे त्याच दुखण्याने किंवा आणखी कशाने मेले, की त्याचे मढे गावाबाहेर टाकायचे, गिधाडांनी ते तासाभरात साफ करायचे, ही आपली जुनी रीत. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत मेलेल्या जनावराच्या मांसात ते औषध शिल्लक असे. गिधाडाचे मूत्रपिंड त्याने निकामी होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. हजारात एक उरले. मढी साफ करणारे गेले. कुत्री वाढली, मढी कुजू लागली, पाण्यात जाऊ लागली. आणि माणसे मरू लागली. ही झाली साखळी.

आता साखळी म्हटली की प्रत्येक कडी ओढून बघावी लागते. पहिली कडी, औषध आणि गिधाड यांची, आज पोलादासारखी पक्की आहे. पण ती सापडली कशी, हे बघण्यासारखे आहे. कारण ज्या पद्धतीने आपण आज पाच लाखांवर विश्वास ठेवायचा म्हणतो, त्याच पद्धतीच्या विचाराने सुरुवातीला साफ चुकीचे उत्तर दिले होते.

भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडे कमी होत असल्याचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९९९ साली नोंदवले. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ही नोंद आली. गिधाडे मान खाली घालून दिवसचे दिवस बसून राहत आणि मग झाडावरून खाली पडत. एकाच कुळातल्या जाती मरत होत्या, सगळ्या वयाची गिधाडे मरत होती, आणि मरण एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेल्यासारखे दिसत होते. असे चित्र बघून कुणीही जाणकार काय म्हणेल? साथ आहे, एखादा विषाणू असेल. २००३ साली एका तज्ज्ञगटाने तसा निबंधच लिहिला, आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवले. त्या प्रश्नचिन्हाबद्दल आम्हाला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. उपलब्ध पुराव्यावरून तर्क बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा होता. अशी स्थिती असू शकते, हे आम्ही वर्षानुवर्षे तर्कशास्त्राच्या तासाला सांगत आलो, पण याच्याइतके चोख उदाहरण आम्हाला तेव्हा मिळाले नव्हते.

इथे जरा आपल्या शब्दाकडेही बघा. या शास्त्राला मराठीत आपण 'साथरोगशास्त्र' म्हणतो. शब्द बरा आहे, रुळलाही आहे. पण तो मनाला आधीच एका दिशेला ढकलतो. साथ म्हटले की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे काहीतरी. प्रत्यक्षात हे शास्त्र समूहात मरण आणि आजार कसे वाटले गेले आहेत, ते बघते. विडी-सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच शास्त्राने दाखवला, आणि कर्करोग काही साथीने येत नाही. गिधाडांच्या बाबतीतही साथ नव्हती. तेच औषध सगळीकडे एकाच वेळी दुकानात आले होते, आणि नकाशावर ते साथीसारखे दिसत होते.

मग उत्तर कुणी काढले? लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, पाकिस्तानातल्या पंजाबात. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडत होता, म्हणजे मूत्रपिंड बंद पडलेले. विषाणू शोधले, नाहीत. कीटकनाशके, जड धातू शोधले, नाहीत. तेव्हा त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला. गिधाडे खातात काय? गुरे. मग गुरांना आजकाल काय देतात? ते पशुवैद्यांकडे आणि औषधाच्या दुकानांत गेले, आणि डायक्लोफिनॅकचे नाव पुढे आले. २००४ साली 'नेचर'मध्ये छापलेला निकाल असा : मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडे तपासली, २५ मध्ये औषध सापडले. इतर कारणांनी मेलेली १३ तपासली, एकातही नाही. वर, औषध दिलेल्या जनावरांचे मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना घातले, तर तीही तशीच मेली.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल त्यांना यात अन्वय आणि व्यतिरेक लगेच दिसतील. जिथे हे तिथे ते, जिथे हे नाही तिथे तेही नाही. मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रात हेच संयुक्त पद्धत म्हणून मांडले. आणि तिसरी गोष्ट, कारण हाताने घालून कार्य घडवून दाखवणे. तिन्ही एकत्र आल्यावर वादाला जागा राहत नाही.

आता पुढची कडी, गिधाड आणि माणूस. इथे २५ आणि १३ असा हिशोब मांडता येत नाही. 'हा माणूस गिधाडे गेल्यामुळे मेला' असे एकाही मृताबद्दल म्हणता येत नाही. मूत्रपिंडात काही सापडणार नाही. प्रयोगही करता येणार नाही. मग लेखक काय करतात? ते भारतातले जिल्हे दोन गटांत वाटतात. जिथले हवामान-भूगोल गिधाडांना मानवणारे होते ते एका गटात, जिथे गिधाडे मुळातच फारशी नव्हती ते दुसऱ्या. औषध गुरांपर्यंत पोचण्याआधी या दोन गटांतले मृत्युदर एकमेकांना धरून चालत होते. नंतर पहिल्या गटातला दर चार टक्क्यांहून थोडा जास्त वर गेला.

हे थोडे उलगडून सांगतो, कारण सगळा निबंध यावर उभा आहे. समजा कॉलेजात दोन तुकड्या आहेत. 'अ' तुकडी नेहमीच 'ब'पेक्षा पाच गुणांनी पुढे असते. एका वर्षी 'ब'चे शिक्षक बदलतात, आणि त्याच वर्षी पेपरही अवघड निघतो. 'ब'चे गुण घसरले म्हणून नव्या शिक्षकाला दोष द्याल, तर तो म्हणेल, पेपरच अवघड होता. बरोबर आहे त्याचे. पण पेपर दोन्ही तुकड्यांना सारखाच होता. 'अ' चार गुणांनी घसरली आणि 'ब' दहा गुणांनी, तर वरचे सहा गुण शिक्षकाच्या खात्यावर. फरक बघायचा नाही, फरकातला फरक बघायचा.

नैयायिक इथे लगेच हात वर करील आणि विचारील, उपाधी आहे का बघितले? उपाधी म्हणजे काय ते आठवा. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे अनुमान चुकते, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ते ओले सरपण ही उपाधी. आजचे साथरोगशास्त्रज्ञ आकडेवारीत जिच्या मागे लागलेले असतात ती हीच बया. तर इथे ओले सरपण काय असू शकते? १९९१ नंतरचे आर्थिक बदल? शहरांची वाढ? सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च? असेल. पण यातली जी कोणती गोष्ट तुम्ही पुढे कराल, ती नेमकी त्याच वर्षांत, नेमकी गिधाडांच्या जिल्ह्यांतच, इतर जिल्ह्यांना सोडून घडली, असे तुम्हाला दाखवावे लागेल. ते अवघड आहे. शिवाय लेखकांना असे दिसले की परिणाम सगळ्यात मोठा होता तो गुरांची संख्या भरपूर असलेल्या शहरी भागांत, म्हणजे जिथे ढोरे टाकण्याच्या जागा होत्या तिथे. कारण जास्त तिथे कार्य जास्त. काकतालीय न्यायाने इतके सगळे जुळत नाही. ही कडी आम्हाला पुरेशी मजबूत वाटते.

एक लहान तक्रार इथेच नोंदवतो. निबंधात सगळ्याची सुरुवात औषधाचे पेटंट संपण्यापासून केली आहे. गोष्ट रंगते खरी. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूला पेटंटच नव्हते, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला होते. तेव्हा भारतातल्या किमतीचा आणि पेटंट संपण्याचा संबंध वाटतो तितका सरळ नसणार. पण युक्तिवादाला पेटंटची गरज नाही. औषध गोठ्यात केव्हा शिरले, एवढी तारीख पुरते. कुंभाराचे गाढव मातीसोबत येते म्हणून घटाचे कारण ठरत नाही, तसे हे.

खरी अडचण मधल्या कडीत आहे. माणसे मेली ती कशाने? सर्वसाधारण वाचकाच्या मनात उत्तर तयार असते : कुत्री, म्हणून रेबीज. वर्तमानपत्रांनीही हेच उचलले. आता साधे गणित करू. भारतात रेबीजने वर्षाला साधारण वीस हजार माणसे मरतात असा अंदाज आहे. निबंधातले जादा मृत्यू वर्षाला एक लाखाच्या वर. समजा, रेबीजचा एकूण एक मृत्यू गिधाडांच्या खात्यावर टाकला, जे कुणीच म्हणणार नाही, तरी पाचातले चार मृत्यू उरतात. ते कुठून आले? लेखक पाण्याकडे बोट दाखवतात. कुत्र्यांची वाढ, रेबीजच्या लसीची वाढलेली विक्री आणि पाण्यातले वाढलेले जंतू, असे तीन पुरावे ते देतात. तिन्ही दिशा बरोबर दाखवतात. पण दिशा दाखवणे वेगळे आणि अंतर मोजणे वेगळे. कुत्र्याचा वाटा किती, पाण्याचा किती, हे वाचकाच्या हाती स्पष्टपणे लागत नाही.

याचा सगळा दोष त्यांना देणे अन्याय होईल. आपल्या देशात मृत्यूची नोंद होते, मृत्यूच्या कारणाची नोंद मात्र वैद्यकीय दाखल्यानिशी होते ती नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाची. बाकीच्यांच्या बाबतीत माणूस गेला एवढेच आपल्याला माहीत. कशाने गेला हे कागदावर नाही. 'ताप आला आणि गेला.' त्यामुळे पाच लाख हा आकडा मृत्यूंचा आहे, आजारांचा नाही. जो कुणी तो पुन्हा सांगेल त्याने 'कुत्र्यांमुळे पाच लाख' असे म्हणू नये. भटक्या कुत्र्यांवरून सध्या जे रण माजले आहे, त्यात हा आकडा दारूगोळ्यासारखा वापरला जाताना आम्ही पाहिला. निबंध तसे म्हणत नाही.

आता पैशाकडे येऊ. इथे आमचा सूर बदलतो. निबंधात नुकसानीचा आकडा आहे वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर. हा आला कसा? जादा मृत्यू वर्षाला सुमारे एक लाख चार हजार, गुणिले दर जिवामागे सुमारे ६,६५,००० डॉलर. ही जिवाची किंमत नव्हे, असे अर्थशास्त्रज्ञ तुम्हाला सांगतील, आणि ते खरे आहे. दहा हजारांत एकाच्या मृत्यूचा धोका टाळायला प्रत्येक माणूस साडेसहासष्ट डॉलर मोजायला तयार असेल, तर दहा हजार माणसांचे मिळून तेवढे होतात. लोक किती मोजायला तयार आहेत हे कळते कसे? बहुधा मजुरीवरून. धोक्याच्या कामाला मजूर किती जास्त पैसे मागतो, ते बघून.

म्हणजे बघा काय झाले ते. ज्या माणसाला धोका नाकारता येतो, त्याच्या वागण्यावरून दर ठरतो. ज्याला तो नाकारताच येत नाही, तो जास्त काही मागू शकत नाही, म्हणून हिशोबात त्याच्या जिवाला असलेला धोका स्वस्त पडतो. आणि मेलेल्या ढोराजवळ आपल्या समाजात कोण उभा होता, हे या महाराष्ट्रात आम्ही सांगायला हवे का?

गिधाडे ही फुकटची सफाई व्यवस्था होती, असे या विषयावर जो तो लिहितो. फुकट कुणाला? गिधाड मढ्यावर उतरण्याआधी ते मढे गोठ्यातून ओढून न्यावे लागे, त्याचे कातडे सोलावे लागे. गिधाडे उडून गेल्यावर उरलेली हाडे गोळा करून विकणारे असत. ही सगळी कामे जातीने वाटलेली. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला, आणि त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असेही सांगितले. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याची चळवळ पुढे महाराष्ट्रात घराघरांत गेली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मढी आणून सरकारी कचेरीसमोर टाकली, की ही तुमची, तुम्हीच उचला. गिधाडांच्या अर्थशास्त्रावरच्या कुठल्याही निबंधात हा प्रसंग तळटीपेत तरी यायला हवा, असे आम्हाला वाटते.

कारण हा प्रश्न नुसत्या सहानुभूतीचा नाही, पद्धतीचा आहे. मोजमापाचे एकक आहे जिल्हा. जिल्ह्याचा मृत्युदर चार टक्क्यांनी वाढला म्हणजे प्रत्येकाचा धोका चार टक्क्यांनी वाढला, असे नव्हे. ढोरे टाकण्याच्या जागेला लागून ज्यांची वस्ती, त्याच ओढ्याचे पाणी जे पितात, रात्री कुत्र्यांच्या टोळीतून ज्यांना कामावर जावे लागते, त्यांचा तो कितीतरी पट वाढला असेल. सदाशिव पेठेतल्याचा अजिबात वाढला नसेल. सरासरीत हे दोघे विरघळून एक होतात. पाच लाखांत कोण होते, हा प्रश्न निबंध सोडवत नाही. त्याच्या साधनांनी तो सुटणारही नाही. तो सोडवायला गावोगाव, वस्तीवस्तीत हिंडणारे साथरोगशास्त्र लागेल, दुकानात जाऊन 'गुरांना काय देता?' असे विचारणारे, ओक्सच्या जातीचे.

मग हा निबंध वाचावा का? जरूर. त्याने एक फार मोठी गोष्ट केली आहे. पुराव्याचे ओझे कुणी वाहायचे, हा जुना प्रश्न त्याने पुन्हा उभा केला आहे.

१९६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी एक व्याख्यान दिले. संबंध दिसला म्हणजे कारण ठरते का, यावर. त्यातले नऊ मुद्दे विद्यार्थी घोकतात, आणि शेवटचा भाग सोडून देतात. हिल तिथे असे सुचवतात की किती पुरावा पुरे, हे कृतीवर अवलंबून आहे. गरोदरपणातल्या मळमळीवरचे एखादे औषध थांबवायला थोडा पुरावा पुरतो, कारण चुकलो तरी फारसे बिघडत नाही. लोकांना आवडीचे खाणेपिणे सोडायला लावायचे तर पुरावा भक्कम हवा. म्हणजे दोन चुका सारख्या वजनाच्या नसतात. न्यायालयात आरोपी निर्दोष समजून चालतात, आणि तेच योग्य. औषधालाही आपण तेच कवच दिले आहे.

आता वर्षे मोजा. पुरावा छापून आला २००४ मध्ये. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली २००६ मध्ये. हे त्या मानाने वेगानेच झाले, श्रेय द्यायला हवे. पण माणसांसाठीचे मोठ्या बाटलीतले तेच इंजेक्शन गोठ्यात जात राहिले. बाटली तीन मिलिलिटरची करायला २०१५ उजाडले. उत्पादक न्यायालयात गेले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. दरम्यान इतर औषधे होतीच. किटोप्रोफेन गिधाडांना मारते, आणि ॲसिक्लोफिनॅक तर गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. नुसता वेष पालटून आलेला. या दोघांवर बंदी आली २०२३ मध्ये. आणि एवढे सगळे जगाला ठाऊक असताना स्पेनने, जिथे युरोपातली बहुतेक गिधाडे आहेत, २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली.

प्रत्येक वेळी क्रम एकच. आधी औषध बाजारात, मग मढी, मग पुरावा, मग बंदी. उलटा क्रम एकदाच नीट पाळला गेला. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध सुचवण्याआधी ते गिधाडांना थोडे थोडे वाढवत देऊन बघितले, सुरक्षित आहे असे २००६ मध्ये छापले, आणि मग ते गुरांसाठी वापरा म्हणून सांगितले. त्या तपासणीला काही फार अवाढव्य खर्च आला नव्हता. १९९३ मध्येही ती करता आली असती. कुणी करायची, हे मात्र कुठल्या नियमात लिहिलेले नव्हते.

समोरून एक चिठ्ठी आली आहे, मलबार हिलच्या डुंगरवाडीचे काय झाले म्हणून. गिधाडे नाहीशी झाल्यावर पारशी पंचायतीने तिथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले, पावसाळ्यात त्यांचा उपयोग होत नाही, आणि समाजात त्यावरून अजून दोन मते आहेत. तो प्रश्न आरोग्याचा कमी आणि धर्माचा जास्त, म्हणून आम्ही मुद्दाम घेतला नाही. पण विचारणाऱ्यांची इच्छा असेल तर आता चर्चेत घेऊ. आधी मागच्या रांगेतले गृहस्थ केव्हापासून हात वर करून बसलेत, त्यांना बोलू द्या.